रिकाम्या वाट्या आणि वेब सर्व्हिस

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय धंद्यातला, म्हणजे प्रोग्रामिंगचा. त्यामुळे हा ब्लॉग निव्वळ मायेपोटी वाचणाऱ्या मावशी-काकांनी कंटाळा आला तर मधले दोन परिच्छेद खुशाल गाळावेत. पतसंस्थेचा किस्सा मात्र वाचा, तो तुमच्याही कामाचा आहे.

माझं म्हणणं एवढंच, की वेब सर्व्हिसच्या मेथडला आउटपुट पॅरामीटर ठेवायची खोड बंद करा.

आउटपुट पॅरामीटर म्हणजे शेजारी विरजणाला पाठवलेली रिकामी वाटी. वाटी आपली, विरजण त्यांचं, आणि तीच वाटी भरून परत येते. एकाच प्रोग्रामच्या आत हे झकास चालतं, कारण सगळे एकाच वाड्यात राहतात. सी शार्पमध्ये पॅरामीटरच्या आधी 'आउट' लिहिलं की समोरची मेथड आपल्याच व्हेरिएबलमध्ये उत्तर ठेवून जाते. पण वेब सर्व्हिस असते दुसऱ्या मशीनवर. तिकडे आपली वाटी जातच नाही! सोपमध्ये जाते एक चिठ्ठी आणि येतं एकच पाकीट, एक्सएमएलचं. त्यात मेथडचा रिझल्ट आणि आउटवाल्या सगळ्या किमती एकत्रच असतात. टूलने बनवून दिलेला प्रॉक्सी क्लास ते पाकीट आपल्याकडे फोडतो आणि आपल्या वाट्यांत वाढतो. म्हणजे 'आउट'चं सगळं नाटक आपल्याच स्वयंपाकघरात!

"चालू दे की नाटक, तुझं काय जातं?" असं म्हणणारे पुष्कळ भेटलेत. ऐका तर मग. 2006 साली डब्ल्यूसीएफ आलं. त्यातली, साधा इंटिजर परत करणारी मेथड जुन्या 'वेब रेफरन्स'च्या पद्धतीने जोडून बघा. क्लायंटला ती व्हॉइड दिसते, रिझल्ट आउटमध्ये जाऊन बसतो आणि सोबत 'स्पेसिफाइड' नावाचं एक बुलियन फुकट! का? तर डब्ल्यूसीएफने तो रिझल्ट 'नसला तरी चालेल' असा जाहीर केलेला असतो. इंटिजर रिकामा राहू शकत नाही, म्हणून जुनं टूल 'आला की नाही' हे सांगायला वेगळी खूण जोडतं. उलटही होतं. व्हॉइड मेथडला एकच आउट असेल, तर डब्ल्यूसीएफचं टूल तो क्लायंटला रिटर्न व्हॅल्यू म्हणून देतं. एकच सर्व्हिस, दोन टूलं, दोन सह्या. जावाला तर आउट ठाऊकच नाही, तिथे 'होल्डर' नावाचा डबा घेऊन जायचं.

गंमत पुढेच आहे. 2012 मध्ये सी शार्प 5 मध्ये असिंक आलं, आणि असिंक मेथडला आउट चालत नाही, कंपायलर सरळ नकार देतो. मग टूल काय करतं? रिक्वेस्टचा एक क्लास, रिस्पॉन्सचा एक क्लास. जे पहिल्यापासून करायला हवं होतं तेच! जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्येच लिहून ठेवलं होतं, की दूरच्या ऑब्जेक्टला जवळच्यासारखं वागवू नका. असो.

आता पतसंस्था. (नाव विचारू नका.) हप्ता भरण्याची मेथड ट्रू किंवा फॉल्स द्यायची, आणि हप्ता नाकारला तर त्याचं कारण आउटमध्ये. ट्रूचा अर्थ होता 'मागणी पोचली'. क्लायंट लिहिणाऱ्याने ट्रू पाहिला आणि पावती छापली. आउटमध्ये नकार पडून होता, तो कुणी उघडलाच नाही. लोकांच्या हातात पावत्या, खात्यात हप्ता नाही, आणि वर दंडव्याज! पावती घेऊन खिडकीशी उभ्या असलेल्या आजोबांना आउट पॅरामीटर कसा समजावणार?

कंपायलर आउटसाठी जागा ठेवायला लावतो, ती वाचायला लावत नाही. 2017 च्या सी शार्प 7 पासून तर जागाही नको, नुसती अंडरस्कोर दिली की उत्तर कचऱ्यात. रिटर्न व्हॅल्यूकडेही दुर्लक्ष करता येतं, मान्य. पण रक्कम, स्थिती आणि कारण एकाच ऑब्जेक्टमध्ये आले, तर पावती छापणाऱ्याला स्थिती शेजारीच दिसते. आणि खरा नकार सोप फॉल्ट म्हणून पाठवला, तर क्लायंटमध्ये एक्सेप्शन उडतं. ते दाबायचं असेल तर मुद्दाम कॅच लिहावा लागतो.

सर्व्हिस दुसऱ्याची आहे, बदलता येत नाही? बऱ्याच जणांचं रडगाणं हेच असतं, आणि ते खरंही आहे. मग प्रॉक्सीला हात लावणारा एकच क्लास करा. सगळे आउट आणि ते 'स्पेसिफाइड' तिथेच वाचा, नकार असेल तर तिथेच एक्सेप्शन फेका, आणि बाहेर एकच ऑब्जेक्ट द्या. प्रॉक्सीच्या फाइलमध्ये मात्र हाताने काही लिहू नका, पुढच्या अपडेटला टूल ते पुसून टाकतं.