उपवासकाळाचा दुसरा आठवडा

राखेचा बुधवार होऊन आठवडा उलटला, की आपल्या भागात ज्वारीची सुगी ऐन भरात आलेली असते. शिराढोणपासून येरमाळ्यापर्यंत रानोरान ज्वारी उपटण्याची घाई चालते, पेंढ्या बांधल्या जातात, बुचाडे उभी राहतात. पहाटेच्या गारठ्यात घराबाहेर पडलेली माणसे दिवेलागणीला परततात तेव्हा तळहातांना फोड आलेले असतात आणि मानेला पाचोळ्याची खाज सुटलेली असते. अशा अंगाने, हातपाय धुऊन, कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी टाकून आपण प्रार्थनेला बसतो. कळंबसारख्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती घरे थोडी. म्हणून तर आज या घरी, उद्या त्या घरी अशी ही उपवासकाळाची बैठक फिरत राहते. पेटी असली तर पेटीवर, नसली तर टाळ्यांवर गीत होते, शास्त्रपाठ होतो, आणि पाळकसाहेब बोलत असताना दिवसभर राबलेल्या एखाद्या मावशीची मान हळूच खाली झुकते. तिला कुणी हलवून जागे करू नये.

पहिल्या बुधवारी मनाशी किती संकल्प केलेले असतात! पहाटे उठायचे, शास्त्राचा रोज एक अध्याय वाचायचा, एक वेळचे जेवण सोडायचे, जिभेवर ताबा ठेवायचा. दुसरा आठवडा लागतो आणि पहाटेची जाग चुकते. डोळे शास्त्राच्या ओळींवरून फिरतात, मन मात्र बाजार समितीतल्या भावाशी, सोसायटीच्या हप्त्याशी, मुलीच्या फीशी घुटमळत राहते. मग वाटू लागते, आपली श्रद्धाच पातळ झाली, देव आपल्यापासून दूर गेला. दरवर्षी याच सुमारास ही खंत आपल्याला गाठते, आणि दरवर्षी आपण तिला पापाचे नाव देऊन मोकळे होतो. ती बहुतेक वेळा नुसती दमणूक असते.

एलीया संदेष्ट्याची कथा अशा वेळी पुन्हा वाचावी. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा माणूस ईजबेल राणीच्या एका धमकीने खचला, रानात एका झुडपाखाली जाऊन बसला आणि देवाजवळ मरण मागू लागला. देवाने त्याला बोल लावला नाही, प्रवचनही दिले नाही. त्याला झोपू दिले. मग दूताने हात लावून उठवले, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. तो जेवला, पुन्हा आडवा झाला. दूताने पुन्हा उठवून जेवू घातले, कारण पुढची वाट लांब होती. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेबाला पोहोचला. तिथे सुटलेल्या सोसाट्याच्या वाऱ्यात देव नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीतही नव्हता. नंतर आलेल्या मंद वाणीत होता.

भूकंपात देव नव्हता, हे शब्द आपल्या जिल्ह्यात वाचताना घसा दाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात जे झाले, ते पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. जात-धर्म न विचारता ढिगारे उपसणारे हात आणि परगावांहून आलेली भाकरीची गाठोडी त्या पिढीला आठवतात. देवाची वाणी त्या दिवसांत कुणी ऐकली असेल, तर ती तिथेच ऐकली असेल.

देवाचा शोध एका उमाळ्यात संपत नाही, याची साक्ष आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत पंडिता रमाबाईंइतकी प्रांजळ क्वचितच कुणी दिली आहे. ज्या मुलीने आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी पालथे घातले आणि दुष्काळात त्यांना गमावले, तिने १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. शोध संपला, असे जगाला वाटले. पण आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात, की धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र अजून मिळायचा होता, आणि तो भेटल्याची खूण पटायला त्यानंतर सुमारे आठ वर्षे गेली. ती वर्षे त्यांनी हातावर हात ठेवून घालवली नाहीत. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, विधवा मुलींना शिकवले, टीका सोसली. आतली पोकळी कायम असताना हे सारे केले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणले आणि मुक्ती सदन उभे राहिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत चालवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. आपल्या संकल्पांचा दुसऱ्याच आठवड्यात हिशेब मागणाऱ्या आपण सर्वांनी ती आठ वर्षे मनात धरावीत.

शोध अपुरा राहण्याची ही गोष्ट या मातीला नवी नाही. इथून जवळच तेरला गोरोबाकाका कुंभारांनी संतमेळ्यात एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि खुद्द नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. विठ्ठलाशी बोलणारा भक्तही अजून भाजायचा राहिला होता! नामदेव रुसले, पण थांबले नाहीत, विसोबांना गुरू करायला गेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, ते उगीच नव्हे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनाही १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडून पुन्हा नव्याने वाट धरावीशी वाटली. या मातीशी आपले नाते पंचांगातही दिसते: आपला ईस्टरही चंद्रावर ठरतो. बहुतेक वर्षी येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमा आणि आपला पुनरुत्थानदिन मागेपुढेच येतात. एकाच चांदण्यात गाव चालत असते.

मात्र उपवासकाळ हा केवळ आपल्या आतल्या कोरडेपणाची विचारपूस करण्याचा काळ ठरू नये. कोणता उपास देवाला आवडतो, हे यशया संदेष्ट्याने स्वच्छ सांगून ठेवले आहे: उपाशी माणसाला आपल्या भाकरीतला वाटा देणे, बेघराला घरात घेणे, जोखडाखालच्याला सोडवणे. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी आता कुणाला दचकवत नाही, ही आपल्या सर्वांची शरमेची गोष्ट आहे. झुडपाखाली बसलेले एलीया आपल्याच गल्लीत आहेत. कर्जाने खचलेला बाप आहे, ऊसतोडीला गेलेल्या लेकरांची वाट पाहणारी, नातवंडे सांभाळणारी आजी आहे, परीक्षेत दोनदा नापास होऊन घरात कोंडून घेतलेला मुलगा आहे. त्यांना उपदेश आधी नको. दूताने जो क्रम पाळला, तोच आपण पाळावा: आधी हात लावावा, मग जेवू घालावे, आणि वाट लांब आहे हे मान्य करावे.

पुनरुत्थानदिनाला अजून बरेच दिवस आहेत. पहाटेची प्रार्थना चुकली असेल, तर संध्याकाळी करावी. सोडलेल्या जेवणाचे पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत आणि ते कुणाला द्यायचे, हे आजच ठरवावे. येत्या रविवारच्या आत, ज्या घरात बरेच दिवस कुणी गेलेले नाही अशा एका तरी घरी आपण प्रत्येकाने जावे, आणि जाताना भाकरी घेऊन जावी.