नाव झाकलं, जन्म उघडाच

परवा चहाच्या टपरीवर एका शिकल्यासवरल्या मित्रानं मला चीन फेकून मारला. म्हणाला, ‘तिकडं बघ. जात नाही, पात नाही. तेराशे वर्षं परीक्षा. शेतकऱ्याचं पोर पास झालं की साहेब. याला म्हणतात गुणवत्ता!’ मी गप्प बसलो. कारण एकेकाळी हेच मी टाळ्या घेत बोललो होतो. आता वाचलंय, म्हणून लिहितो.

दोस्तांनो, खरं ते खरंच म्हणू. शिकवताना माणसाचा वर्ग बघू नये, हे कन्फ्यूशिअस अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून गेला. सहाव्या-सातव्या शतकाच्या सांध्यावर सुई घराण्यानं परीक्षा सुरू केली, ती १९०५ साली बंद झाली. सुंग काळात तर उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायचे. वर कारकून ती पुन्हा लिहून काढायचा, म्हणजे अक्षरही ओळखू येऊ नये. सगळं मान्य.

पण कागदावर नाव झाकलं, दारावर जन्म उघडाच!

दारात कोण अडलं? पहिली बाई. अर्धा देश उंबऱ्याच्या आत. मग नट, गाणारे-वाजवणारे, वेश्या, गुलाम, कचेरीतले शिपाई. यांना सरकारी भाषेत ‘नीच लोक’. यांच्या पोरांनाही बंदी. दक्षिणेकडचे दान लोक होडीत जन्मायचे, होडीतच मरायचे. १७२३ पासून युंगचेंग बादशहानं यातल्या काही जमातींवरचा शिक्का पुसला. १७२९ साली दान लोकांना जमिनीवर राहायची मोकळीक दिली. टाळ्या वाजवा! आणि १७७१ साली नियम आला : परीक्षेला बसायचं तर आधी चार पिढ्या स्वच्छ जगून दाखवा. पणजोबा सुटला म्हणून पणतूनं शाई उघडायची. वर उमेदवाराचं कूळ स्वच्छ आहे, अशी हमी आधीच पास झालेल्यानं द्यायची. दारवान तोच, साक्षीदार तोच.

बरं, शेतकऱ्याला दार उघडं होतं ना? होतं. फक्त आत जायला चार लाखांवर अक्षरांच्या पोथ्या पाठ हव्यात. पोर वर्षानुवर्षं घोकत बसणार, तर चिखलात कोण उतरणार? मेन्शियसनं आधीच सांगून ठेवलं होतं : डोक्यानं राबणारे राज्य करतील, अंगानं राबणारे राबवले जातील आणि वरच्यांना पोसतील. घाम खाली, पोथी वर.

आणि पोथी तरी कुणाची? चौदाव्या शतकापासून जू शी या पंडिताचं भाष्य म्हणजे बरोबर उत्तर. त्याच्या बाहेर विचार केला की नापास. म्हणजे खालचा एखादा शिरलाच, तरी तो बाहेर पडताना त्यांचाच पोपट होऊन पडणार. ही खरी गोम!

पण सगळेच पोपट नव्हते. वांग गेन मिठागरवाल्याच्या घरातला. शाळा अर्धवट सुटली, परीक्षेला कधी बसला नाही. पोथी बाहीत ठेवून भेटेल त्याला विचारत शिकला, मग लाकूडतोड्याला आणि कुंभाराला शिकवलं. त्याच परंपरेतला ली झी. मोठा अंमलदार, सगळं सोडलं. कन्फ्यूशिअसचं खरंखोटं तेच माझं खरंखोटं कशाला, असं विचारलं. बाईची बुद्धी तोकडी नसते, असं लिहिलं. आपल्या पुस्तकाचं नावच ठेवलं ‘जाळायचं पुस्तक’. त्यांनी खरंच जाळायचा हुकूम काढला. १६०२ साली पंचाहत्तरीच्या या म्हाताऱ्यानं तुरुंगात वस्तऱ्यानं गळा कापून घेतला.

आणि हाँग शिऊच्वान? गरीब हक्का शेतकऱ्याचं पोर, चारदा नापास. त्यानं आपल्या शाळेतली कन्फ्यूशिअसची पाटी उखडली आणि १८५१ साली ताइपिंगांचं राज्य पुकारलं. चौदा वर्षांच्या त्या युद्धात कोट्यवधी माणसं मेली. शेवटी तोही सिंहासनावर बसून राजाच झाला. हेही लपवायचं नाही.

मी आमच्या गल्लीतला पहिला पदवीधर. म्हणून सांगतो, भीती नापास होण्याची नाही. पास होऊन दारवान होण्याची आहे. मित्रा, पेपर प्रामाणिकपणे तपासला का, हे मला सांगू नकोस. पेपर कुणी काढला? पोथी कुणी निवडली? दाराबाहेर कोण उभं होतं?

याचं उत्तर दे. मग गुणवत्तेचं बोलू.