‘मी वाट पाहत असलेला चित्रपट’ आणि आमच्या झाडीतला हंगाम



पहिलं सत्र संपत आलं की आपण सगळेच निबंधाचे विषय शोधायला लागतो. मागे मी आठवीच्या वर्गाला एक नवा वाटणारा विषय दिला होता : ‘दिवाळीत येणारा, मी वाट पाहत असलेला चित्रपट’. वाटलं, मुलं खूश होतील. सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत मोठमोठे सिनेमे लागतात, त्यांचे ट्रेलर मोबाईलवर फिरत असतात. लिहायला काय कमी?

वह्या तपासायला घेतल्या आणि डोकं धरलं. तीस वह्यांत मिळून चारच सिनेमे. ‘भव्यदिव्य’, ‘खिळवून ठेवणारा’, ‘उत्कंठा शिगेला पोहोचली आहे’, सगळीकडे हीच वाक्यं. आमचं गाव नागभीडपासून थोडं आत, जंगलाच्या कडेला. गावात चित्रपटगृह नाही. यातल्या बहुतेक मुलांनी मोठ्या पडद्यावर सिनेमा पाहिलेलाच नाही. ज्याची वाट पाहत नाही त्याची वाट पाहतोय असं लिहायला मीच त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी आज्ञाधारकपणे ते लिहिलं होतं.

एक वही मात्र कोरी होती. विचारलं तर पोरगी खाली मान घालून म्हणाली, “सर, मी सिनेमाची वाट नाही पाहत. आमच्या गावी भाऊबीजेले नाटक आहे. त्याचं लिवलं तं चालते का?”

चालते का? खरं सांगायचं तर तो विषय मलाच सुचायला हवा होता.

आमचा हंगाम कोणता?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. हलकं धान कापणीला येतं, दिवाळी होते आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दंडार, कुठे शंकरपट आणि रात्री नाटक. बैलांच्या शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा शंकरपट थांबले. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि पट पुन्हा भरू लागले. नाटक मात्र पट नसतानाही सुरूच राहिलं. यावरूनच लोकांना त्याची किती ओढ आहे ते समजा.

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वडसा म्हणजे देसाईगंज लागतं. नागभीडहून ब्रह्मपुरी ओलांडली की वडसा. नाटक मंडळ्यांची मुख्य पेठ तीच. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, तारीख पक्की करतं, पत्रकं छापतं. ती पत्रकं पानठेल्यावर, एसटी थांब्यावर, किराणा दुकानात लागली की आमच्याकडे चर्चा सुरू : यंदा कोणतं नाटक, कोण नट येणार, शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं तर नाही ना? शहरात ट्रेलरचं जे होतं तेच आमच्याकडे पत्रकाचं होतं. घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. शाल, चादर घेऊन अख्खं घर तणशीवर बसलेलं असतं.

मुलांना दुसऱ्याचं कळतं, आपलं नाही

सप्टेंबर 2022 मध्ये ‘कांतारा’ आला. किनारी कर्नाटकातली भूतकोलाची परंपरा आमच्या पोरांना तोंडपाठ झाली. सप्टेंबर 2025 मध्ये ‘दशावतार’ आला, दिलीप प्रभावळकरांनी त्यात काम केलं आणि कोकणातली लोककला महाराष्ट्रभर पोहोचली. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. मी सिनेमाच्या विरोधात नाही. पण जंगलातल्या दुसऱ्या लोकांची कला पडद्यावर पाहून अंगावर काटा येणारं आपलं पोरगं आपल्याच गावच्या दंडारीला ‘गावंढळ’ म्हणतं, तेव्हा वाईट वाटतं. हे त्याला कोण शिकवतं? थोडंसं आपणच शिकवतो. ‘प्रमाण भाषेत बोल’ म्हणताना त्याच्या बोलीला आणि तिच्याबरोबर येणाऱ्या सगळ्यालाच आपण कमी लेखतो.

कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका, तेही याच मातीतल्या रंगमंचावर. आपल्या वर्गातल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? मी विचारलं तेव्हा दोन हात वर आले.

पालकांचं म्हणणं खोटं नाही

आता दुसरी बाजू. एक पालक मला म्हणाले, “गुरुजी, तुमचं ठीक आहे, पण नाटकाच्या दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेत झोपते.” खरंच झोपतं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी अर्धे बाक रिकामे असतात, हे आपण हजेरीत पाहतोच. हंगाम होळीपर्यंत लांबतो, आणि तोवर दहावीच्या परीक्षा आलेल्या असतात. काही नाटकांत द्विअर्थी विनोद असतात, मध्येच घुसडलेली नाचगाणी असतात. ती मुलांसमोर बसून पाहताना आपल्यालाच अवघडतं. आणि वाघाचं काय? नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही भागात पहाटे जंगलातल्या वाटेने पोरांना घेऊन पायी परतणं म्हणजे जिवाशी खेळ. यात अतिशयोक्ती नाही, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

म्हणून नाटक बंद करा, असं माझं म्हणणं नाही. मुलांना सरसकट सगळी नाटकं दाखवा, असंही नाही. माझं म्हणणं एवढंच :

1. हंगामात एक नाटक, फार तर दोन. सुरुवातीची बरीच नाटकं दिवाळीच्या सुटीत येतात, त्यातलं निवडा. दहावीच्या मुलांसाठी जानेवारीनंतर नाही.

2. आपल्या गावातलं किंवा गाडीने जाता येईल असंच. पायी जंगलातून नाही. लांब असेल तर नातेवाइकांकडे मुक्काम करा, उजाडल्यावर निघा.

3. नाटक ठरवणारं मंडळ गावातलंच असतं. शाळा व्यवस्थापन समितीतले पालक बरेचदा त्याच मंडळात असतात. नाटक ठरवतानाच त्यांना सांगा की घरादाराने बसून पाहता येईल असं आणा. दारू, हुंडा, अंधश्रद्धा, शेतकऱ्याचं कर्ज यांवरची चांगली नाटकं या रंगभूमीवर होतात. मागणी आपण करायची. मागणी नसेल तर जे खपतं तेच येणार.

4. आणि शिक्षकांनी? पत्रक वर्गात आणा. मोठं ठळक नाव, दोन ओळींची जाहिरात, ठिकाण, वेळ, तिकीट. जाहिरात लेखन शिकवायला याहून चांगला नमुना कोणता? नाटक पाहून आल्यावर एक प्रसंग संवादरूपात लिहायला द्या. संवाद बोलीत लिहू द्या, निवेदन प्रमाण भाषेत. दोन्ही भाषांची जागा मुलाला आपोआप कळते.

त्या कोऱ्या वहीचं काय झालं?

मी विषय बदलला : ‘मी वाट पाहत असलेलं नाटक’. त्या मुलीने अडीच पानं लिहिली. तिचे बाबा हंगामात तबला वाजवायला जातात. बाकीचं वर्ष मजुरी. हंगामातल्या पैशांतूनच घरात वर्षाचं किराणा सामान येतं. निबंधात शुद्धलेखनाच्या सतरा चुका होत्या, पण कुठेही ‘उत्कंठा शिगेला’ नव्हती. तिने लिहिलं होतं की, नाटक बघताना सगळे लोक नटाकडे बघतात, ती एकटी तबल्याकडे बघते.

मी चुका दुरुस्त केल्या, पण लाल पेनाने नाही, पेन्सिलीने. आणि तो निबंध वर्गात वाचून दाखवला. मागच्या बाकावरचा एक जण, ज्याने सिनेमावर पानभर ‘भव्यदिव्य’ लिहिलं होतं, हळूच म्हणाला, “सर, माझा काका बी आहे नाटकात. मंग म्या काऊन नाही लिवलं?”

याचं उत्तर त्याने नाही, आपण द्यायचं आहे. या दिवाळीत निबंधाचा विषय फळ्यावर लिहिण्याआधी एकदा विचार करा : आपली मुलं खरोखर कशाची वाट पाहत आहेत?