अम्पायर्स कॉल आणि स्याद्वाद

उन्हाळ्यात आयपीएलचे सामने सुरू झाले की सायंकाळी दुकानाच्या गादीवर हिशेबाच्या वहीशेजारी मोबाईलचा पडदाही उजळलेला दिसतो. गिऱ्हाईक, नोकर, मालक आणि मालकांचे चिरंजीव असे सारे क्षणभर एकाच चेंडूकडे पाहत असतात, आणि एक वाद हमखास रंगतो. चेंडू यष्टीला तेवढाच लागतो आहे, तरी आमचा फलंदाज बाद आणि त्यांचा नाबाद, हा कुठला न्याय? वादाचा विषय असतो ‘अम्पायर्स कॉल’.

पंचांच्या निर्णयाचा फेरविचार करण्याची ही पद्धत, म्हणजे डीआरएस, २००८ साली भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत प्रथम आजमावली गेली. भारतीय क्रिकेट मंडळाने पुष्कळ काळ तिला विरोध केला आणि २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेपासून ती स्वीकारली. पायचीतच्या निर्णयात तिचे स्वरूप असे आहे. चेंडू पायावरच्या पॅडला लागून थांबतो. पुढचा मार्ग कोणीही पाहिलेला नसतो, कारण तो घडलेलाच नसतो. तो चेंडू पुढे कोठे गेला असता, याचे अनुमान मैदानाभोवतीच्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने यंत्र करते. त्या अनुमानात निम्मा किंवा त्याहून अधिक चेंडू यष्टीवर येत असेल, तर ‘नाबाद’ हा निर्णय बदलतो. चेंडू यष्टीला मुळीच लागत नसेल, तर ‘बाद’ हा निर्णय बदलतो. या दोहोंच्या मधल्या जागेत मात्र मैदानावरच्या पंचांचा मूळ निर्णय कायम राहतो.

या मधल्या जागेविषयी मोठमोठ्या खेळाडूंनीही नाराजी व्यक्त केली आहे. तथापि २०२१ साली अनिल कुंबळे यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय समितीने हा नियम कायम ठेवला. यंत्राने दाखविलेला मार्ग हे अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. त्यास चुकीची मर्यादा असणारच. ही मर्यादा नियमानेच मान्य करावी, यात मला मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

येथे आपल्या परंपरेतील ‘स्यात्’ या शब्दाचे स्मरण होते. या शब्दावर फार जुना अन्याय झालेला आहे. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असे समजून स्याद्वादाला संशयवाद म्हटले गेले. वस्तुतः ‘स्यात्’ म्हणजे ‘अमुक एका अपेक्षेने’. घट स्वद्रव्य, स्वक्षेत्र, स्वकाल आणि स्वभाव यांच्या अपेक्षेने आहे. परद्रव्यादींच्या अपेक्षेने नाही. या विधानात कोठेही डळमळ नाही. उलट आपण कोठे उभे राहून बोलत आहोत, हे सांगून केलेले ते अत्यंत निश्चित विधान आहे. अम्पायर्स कॉलवरचा आक्षेपही असाच आहे. लोकांना तो गोंधळ वाटतो; पण तिसरा पंच इतकेच सांगत असतो की, माझ्या साधनाच्या मर्यादेत मूळ निर्णय चुकीचा ठरविण्याइतका आधार मजपाशी नाही.

हे साम्य फार ताणू नये. खेळात अनिश्चितता साधनाच्या उणिवेतून येते, तर जैन दर्शनात वस्तूच मुळी अनंतधर्मात्मक मानली आहे. साधन निर्दोष झाले तरी वस्तूचे अनेक पैलू एक होणार नाहीत. केवलज्ञानी ते सर्व पैलू युगपत् जाणतात. मति आणि श्रुत ज्ञानावर संसार चालविणारे आपण एका वेळी एक नय धरून बोलतो. नय धरणे हा दोष नाही. आपला नय हाच सर्व सत्य आहे असे म्हणून इतरांचा निषेध करणे, हा दुर्नय होय. मराठीत हा भेद एका अक्षराचा आहे. ‘माझेच खरे’ यातील ‘च’ आणि ‘माझेही खरे’ यातील ‘ही’.

या ‘च’ची किंमत व्यापारी घराण्यांइतकी कोणी मोजली असेल? वाटणीच्या बैठकीत थोरला म्हणतो, ‘दुकान मीच उभे केले.’ धाकटा म्हणतो, ‘दुकान मीच वाढविले.’ पहिल्या वीस वर्षांच्या अपेक्षेने थोरल्याचे म्हणणे सत्य आहे, पुढच्या वीस वर्षांच्या अपेक्षेने धाकट्याचे. आणि त्या चाळीसही वर्षांत स्वयंपाकघर, आजारपण, पाहुणे आणि उधारीचे दिवस ज्यांनी सांभाळले, त्या घरातील स्त्रियांचे नाव कोणत्याच वहीत नसते. तो तिसरा नय बैठकीत बहुधा कोणी मांडत नाही. रक्कम शेवटी वाटली जाते, पण त्या दोन ‘च’कारांमुळे पुढे लग्नकार्यातही भाऊ भावाच्या दारी जात नाही.

कोणी विचारील, मग प्रत्येकाचेच खरे मानायचे काय? नाही. चेंडू यष्टीला मुळीच लागत नसेल, तर अम्पायर्स कॉलचा प्रश्नच उद्भवत नाही. निर्णय सरळ बदलतो. तसेच भागीदाराने रोकड दडविली असेल, खोटी नोंद केली असेल, तर ते असत्य आणि अदत्तादान आहे. ‘हा माझा दृष्टिकोन’ असे म्हणून त्यास अनेकांताचे पांघरूण घालता येणार नाही. अनेकांत हा प्रामाणिक मतभेदांसाठी आहे, लबाडीसाठी नव्हे.

या खेळातील आणखी एक गोष्ट घरी आणण्याजोगी आहे. फेरविचार मागण्यासाठी फलंदाजाला केवळ पंधरा सेकंद मिळतात. त्या पंधरा सेकंदांत शहाणा फलंदाज दुसऱ्या टोकाच्या साथीदाराकडे पाहतो. चेंडू स्वतःच्या पायावर आदळला असला, तरी तो कोणत्या रेषेत होता हे समोरून पाहणाऱ्यालाच अधिक स्पष्ट दिसलेले असते. फेरविचाराच्या संधीही मोजक्याच असल्यामुळे केवळ रागाच्या भरात ती दवडणाऱ्याला पुढे खऱ्या अन्यायाच्या वेळी हात चोळीत बसावे लागते.

वाचकहो, आपल्या घरात एखादा हिशेब, एखादा शब्द, एखादी वाटणी अडून राहिली असेल, तर समाजातील पंचांकडे जाण्यापूर्वी एकदा एवढे करून पाहावे. दोघांनी समोरासमोर बसावे आणि प्रत्येकाने आधी दुसऱ्याचे म्हणणे, दुसऱ्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे. आपले म्हणणे त्यानंतर. वाद त्याच बैठकीत मिटेलच असे नाही. परंतु पुढची बैठक होण्याइतका मार्ग तरी नक्कीच मोकळा राहील.