अट घाला, पण भेद नको



कायदेशीर स्थलांतरितांना सरकार देईल तेवढेच हक्क, न्यायालयांनी त्यात पडू नये, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. अमेरिकेचेच उदाहरण घ्या. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीतल्या लाँड्रीला परवानगी सक्तीची होती. आगीची भीती हे कारण कागदावर रास्तच. पण सुमारे २०० चिनी धोब्यांचे अर्ज फेटाळले गेले आणि तशाच लाकडी इमारतींत कपडे धुणाऱ्या सुमारे ८० बिगरचिनी लोकांना मुभा मिळाली. १८८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अंमलबजावणी घटनाबाह्य ठरवली, कारण अमेरिकी घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने समान संरक्षण केवळ नागरिकाला नव्हे, प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. त्याच आधारावर १९७१ मध्ये ॲरिझोना राज्याची अटही गेली. तिथे सरकारी मदतीसाठी परकीयांना १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे.

निवडून न आलेले न्यायाधीश धोरण ठरवतात, हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. पण १९७६ मध्ये याच न्यायालयाने मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यासाठी संसदेने परकीयांना घातलेली पाच वर्षांच्या वास्तव्याची अट वैध मानली. धोरण संसदेकडेच राहिले. ज्या धोब्यांना मतदानाचा हक्कच नव्हता, त्यांनी न्यायालयाखेरीज दाद मागायची तरी कुठे?

एक वाचक, पुणे