आधी बंद, मग बघू

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. अमरावतीत राहतो आणि घराच्या मागच्या खोलीत बसून पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचा कॉम्प्युटिंग क्लस्टर सांभाळतो. संस्थेचं नाव सांगण्याची गरज नाही, कारण चूक माझी होती. जून २०२४ मध्ये त्या क्लस्टरवरची चाळीसेक जुनी सॉफ्टवेअर मी एका दुपारी उडवली. महिनाभर आधी मेल पाठवला होता, कुणी हरकत घेतली नव्हती. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि मला घर झाडून काढल्यासारखं हलकं वाटत होतं.

पाच महिन्यांनी अकोल्याहून फोन आला. "दादा, माझे आकडे काहून बदलले जी?"

फोन करणारी मुलगी कृषी संख्याशास्त्रात पीएचडी करते. तिचा विषय सोयाबीनच्या वाणांचं उत्पादन. परीक्षकांनी एक जास्तीची आकृती मागितली, म्हणून तिने २०२१ मधला स्वतःचाच प्रोग्राम पुन्हा चालवला. डेटा तोच, प्रोग्रामची एकही ओळ बदललेली नाही. उत्तर मात्र वेगळं. आधी दोन वाणांमधला फरक ठाम दिसत होता, आता तो शून्याच्या रेषेला शिवत होता. तिच्या गाइडांनी एकच प्रश्न विचारला, "मग आधीचे आकडे कुठून आणले?" चार वर्षांच्या कामानंतर हा प्रश्न कसा लागतो, ते तिच्या आवाजात कळत होतं.

क्लस्टर म्हणजे अनेक कॉम्प्युटर जोडून केलेलं सामाईक यंत्र. गावच्या विहिरीसारखं. पाणी सगळ्यांचं, गाळ कुणाचाच नाही. आणि त्यावर कुठलाही प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याच्यासोबत भाषेची ठरावीक आवृत्ती लागते, तिची पॅकेजेस लागतात, खालच्या लायब्रऱ्या लागतात. हा सगळा गोतावळा म्हणजे त्याचं एन्व्हायर्नमेंट. म्हणूनच क्लस्टरवर एकाच सॉफ्टवेअरच्या चार-पाच आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवतात. मॉड्यूल लोड करायचं आणि हवी ती घ्यायची. आवृत्तीचा नंबर नाही लिहिला, तर अ‍ॅडमिनने ठरवलेली डिफॉल्ट मिळते. तिने नंबर लिहिला नव्हता. मी डिफॉल्ट बदलली होती.

तिचा प्रोग्राम होता ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेत. आहेत त्याच नोंदींमधून हजारदा यादृच्छिक नमुने उचलायचे आणि फरक किती पक्का आहे ते बघायचं, अशी तिची पद्धत. असे नमुने उचलताना ‘सीड’ नावाचा एक आकडा देतात. सीड तोच ठेवला की नमुनेही तेच येतात, हे आपण कॉलेजात शिकतो. पण एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या आर ३.६.० मध्ये नमुने उचलायची पद्धतच बदलली. जुन्या पद्धतीत फार मोठ्या संचातून निवडताना किंचित झुकतं माप पडायचं, ते दुरुस्त केलं गेलं. बदल योग्य होता आणि जाहीर करून केलेला होता. परिणाम एवढाच की जुन्या आणि नव्या आरमध्ये तोच सीड वेगळे नमुने देतो. कुठे एरर येत नाही. प्रोग्राम मुकाट चालतो आणि दुसरं उत्तर देतो.

अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. पायथन २ मध्ये पाच भागिले दोन केलं की उत्तर दोन यायचं, पायथन ३ मध्ये अडीच येतं. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला, पण त्यात लिहिलेले प्रबंध त्या दिवशी रद्द झाले नाहीत.

आता माझ्याच बिरादरीशी भांडतो. आम्ही इंजिनियर ‘लेगसी’ हा शब्द शिवीसारखा वापरतो. जुनं दिसलं की हात शिवशिवतात. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ते खपूनही जातं, कारण तिथे उद्याचा ग्राहक महत्त्वाचा असतो. संशोधनात कालचं उत्तर महत्त्वाचं असतं. कुणीतरी छापलंय की हे वाण जास्त उतारा देतं. ते तपासायचं असेल तर ज्या यंत्रणेतून ते उत्तर निघालं ती पुन्हा उभी करता आली पाहिजे. ती पुसणं म्हणजे खटला चालू असताना मुद्देमाल जाळणं. हे काम मी केलं, आणि वर मेलच्या विषयात ‘स्वच्छता मोहीम’ असं लिहिलं.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. आमचा क्लस्टर सेंटओएस ७ वर होता. जुलै २०१४ मध्ये आलेल्या या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षा दुरुस्त्या ३० जून २०२४ ला थांबल्या. सामाईक यंत्राला एक भोक पडलं की सगळ्यांच्या फाइली उघड्या. शिवाय त्याच वर्षाच्या सुरुवातीला व्हीएस कोडच्या नव्या आवृत्तीने जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ आवृत्ती मागितली. आमच्याकडे २.१७. अर्ध्या पोरांचं कनेक्शन तुटलं आणि माझा फोन दिवसभर वाजत राहिला. तेव्हा घर बदलायलाच हवं होतं, याबद्दल वाद नाही. पण खालची सिस्टिम नवी करून वरचं जुनं एन्व्हायर्नमेंट कंटेनरमध्ये बंद करून ठेवता येतं. अ‍ॅपटेनर नेमकं यासाठी क्लस्टरवर वापरतात. ती फाइल फक्त वाचता येईल अशी ठेवायची, रोजच्या कामाला द्यायची नाही, जुनं उत्तर तपासायचं असेल तेव्हाच उघडायची. जोखीम शून्य होत नाही, पण आवाक्यात राहते. मला हे माहीत होतं. मी केलं नाही, कारण कुणी मागितलं नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. नव्या आरमध्ये एक ओळ लिहिली की नमुने उचलायची जुनी पद्धत परत आणता येते, मग जुनं सांभाळायचं कशाला? खरंय, ओळ एकच आहे. पण गडबड नेमकी तिथेच आहे हे कळायला मला तीन दिवस लागले, आणि त्यासाठी आधी जुनं आर परत उभं करावं लागलं. पॅकेज इन्स्टॉल करायला गेलो तर सेंटओएस ७ चे नेहमीचे सर्व्हर बंद. सगळं ‘व्हॉल्ट’ नावाच्या संग्रहात हलवलेलं. तिथून ते मिळालं. आरच्या जुन्या आवृत्त्या आणि जुनी पॅकेजेस क्रॅनच्या संग्रहात मिळाली. म्हणजे मी जे एका दुपारी फेकलं, ते जगात दुसऱ्या कुणीतरी कंटाळा न करता जपून ठेवलं होतं, म्हणून ती पोरगी वाचली.

तिसरा आक्षेप तिच्यावर आहे. सीड बदलल्यावर जो निष्कर्ष डळमळतो, तो मुळात कच्चाच नाही का? हो, कच्चाच होता. पण हे सिद्ध कशाने झालं? दोन्ही उत्तरं शेजारी ठेवल्याने. ती एका रविवारी सकाळच्या गाडीने अमरावतीला आली. जुन्या कंटेनरमध्ये तिचा २०२१ चा आकडा दशांशापर्यंत जसाच्या तसा आला, तेव्हा ती काही क्षण बोललीच नाही. मग आम्ही नमुन्यांची संख्या बरीच वाढवली. जुन्या-नव्या दोन्हींत सारखंच उत्तर आलं. फरक आहे, पण ठाम म्हणावा इतका नाही. तिने प्रबंधात तसं लिहिलं आणि दोन्ही आकडे दिले. तिचा निष्कर्ष सौम्य झाला, पण तिच्यावर खोटेपणाचा डाग लागला नाही. जुनं एन्व्हायर्नमेंट नसतं तर उलटं झालं असतं.

आमच्या भागात ही गोष्ट लोकांना कॉम्प्युटरशिवायही कळते. अकोला-खंडवा ही मीटरगेज लाइन ब्रॉडगेज करायची म्हणून २०१७ पासून बंद झाली. अकोला ते अकोट नवी गाडी धावायला नोव्हेंबर २०२२ उजाडलं. अकोटच्या पुढे मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जायचं की बाहेरून, यावर वाद पेटला. ब्रॉडगेजला कुणाचाच विरोध नव्हता आणि वाघांचा मुद्दाही खोटा नाही. पण आधी बंद, मग बघू, या क्रमाची किंमत रोजच्या प्रवाशाने भरली. क्लस्टरवर मी हाच क्रम लावला.

आणि हा एकट्या माझ्या आळसाचा प्रश्न नाही. आपल्याला यंत्रांचा अभिमान आहे, असायलाच हवा. परम ८००० चं नेतृत्व करणारे विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. १९९१ चं ते यंत्र इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर चालायचं. त्या चिपा आता कुणी बनवत नाही. यंत्राची आठवण आपण जपली, पण त्यावर चाललेले प्रोग्राम आज पुन्हा चालवून बघायचे म्हटलं तर कशावर चालवणार? २६ सप्टेंबर २०२४ ला पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात तीन परम रुद्र यंत्रांचं लोकार्पण झालं. सुमारे १३० कोटींची ही यंत्रं आहेत आणि ती हवीच होती. पण दहा वर्षांनी त्यांच्यावरही कुणीतरी माझ्यासारखा ‘स्वच्छता मोहीम’ काढेल. तेव्हा तिथला २०२५ चा प्रबंध कोण चालवून दाखवणार?

माझं म्हणणं सरळ आहे. क्लस्टर विकत घेताना जसा विजेचा आणि एसीचा खर्च धरतात, तसा जुनी एन्व्हायर्नमेंट जपणाऱ्या माणसाचा पगार धरा. एका क्लस्टरला एक माणूस, आणि कामाच्या यादीत हे काम पहिल्या पानावर. अ‍ॅडमिन मित्रांनो, डिफॉल्ट मुकाट बदलू नका, आणि कंटेनर करून चालवून बघितल्याशिवाय काहीही पुसू नका. मेलला उत्तर आलं नाही याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही. पोरं परीक्षेत असतात, शेतावर असतात, कित्येकांचा तो मेल आयडी बंद झालेला असतो.

आणि तुम्ही, जे मोबाइलवर हे वाचताय आणि उद्या लॅबमध्ये जाऊन काहीतरी चालवणार आहात, मॉड्यूल लोड करताना नंबर लिहा. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर भाषा, पॅकेजेस आणि त्यांच्या आवृत्त्या लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. तिने ते केलं नव्हतं, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

ती चाळीसेक सॉफ्टवेअर मी परत उभी करतोय. आजवर सतरा झाली. बाकीची कोण वापरत होतं, ते मेल पाठवून नाही, एकेकाला फोन करून विचारतोय.