बोटाखालचा ‘म’

मेडशी हे अकोला–वाशीम रस्त्यावरचं गाव. स्फोटात दृष्टी गमावलेला जवान इथे एसटीतून उतरला, तर घरापर्यंत त्याने कुणाचा हात धरायचा, की काठीने वाट काढायची? हा अंक याच प्रश्नासाठी आहे.

न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेन्झी हेही दृष्टी गमावलेले सैनिक. त्यांचे डोळे १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत गेले. अंध सैनिकांसाठीच्या लंडनच्या सेंट डन्स्टन्स संस्थेत ते नव्याने उभे राहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये देहरादूनला सेंट डन्स्टन्स वसतिगृह निघालं, त्याची धुरा त्यांनीच वाहिली. १९५० मध्ये भारत सरकारने ते काम हाती घेतलं. त्यातूनच दृष्टिबाधितांसाठीची आजची राष्ट्रीय संस्था वाढली.

दृष्टी गेलेल्या जवानाला वाचणंही नव्याने शिकावं लागतं. भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत, म्हणजे भारती ब्रेलमध्ये, पहिला, तिसरा आणि चौथा ठिपका मिळून ‘म’ होतो. बंदुकीच्या चापाला सरावलेलं त्याचं राठ बोट त्या तीन ठिपक्यांवरून पुन्हा पुन्हा फिरतं, चुकतं, थांबतं. आणि एक दिवस ‘मेडशी’ हे गावाचं नाव वाचतं.

पुण्याजवळ खडकीला दिव्यांग सैनिकांना हुन्नर शिकवणारी, १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पण जवान शेवटी गावीच परततो. काठीचा सराव त्याच्या घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंतच्या रस्त्यावरही व्हायला हवा, आणि त्याच्या घरच्यांनाही त्यात सोबत घ्यायला हवं.